मंगळवारी समुद्र बंद असतो

मंगळवारी अनोमाबूत कुणी होडी लोटत नाही.
समुद्राची सुट्टी. कुणी ठरवली, विचारू नका,
आजोबांच्या आजोबांनाही ती ठरलेलीच मिळाली.
मग आम्ही वाळूवर बसून जाळी सांधतो,
म्हणजे भांडतो.

आज भांडण घड्याळाचं.
फीफी म्हणतो, चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबवा,
पुढच्या स्पर्धेत तसंच करणार आहेत म्हणे,
साठच मिनिटं, पण खरीखुरी साठ.
मग बुटाची नाडी बांधायला
अर्धं आयुष्य घेणाऱ्या गोलरक्षकांची नाटकं बंद.
"थांबवा की," एग्या आमोआ म्हणतात, दातांत दोरा धरून,
"माझंही थांबवा.
गुडघे चोळण्यात गेलेला वेळ शेवटी जोडून द्या."

ऑफसाइडवर तर एक सुई मोडली.
काखेतला केस पुढे होता म्हणून गोल रद्द!
अख्खं अंग पुढे असेल तरच धरा, इबो ओरडतो,
पळणाऱ्याचं नाक आधी पोचणारच,
ते काय घरी ठेवून यायचं?
जोसाया कडेला बसून बुचं मोजत होता. तो म्हणाला,
पडद्यावर रेघा मारणाऱ्या त्या खोलीतल्या लोकांना
एकदा आपल्या होडीत बसवा,
म्हणावं, मारा आता लाटेवर रेघ.

तेवढ्यात अराबा आली,
मासे धुरावर ठेवून, भट्टीसारखे डोळे लाल,
कमरेचं कापड झटकत.
"हाताचं काय ठरलं?"

सगळे गप्प.

तो हात.
रेषेवरचा, शेवटच्या मिनिटातला,
खंडाच्या पार खालच्या टोकाच्या थंडीतला.
ज्यांचा जन्म नंतरचा, त्या शेंबड्या पोरांनाही तो पाठ आहे.
चेंडू आत जात होता. जातच होता.
मग पेनल्टी, मग आडवा दांडा,
मग ती शांतता. गावातली कुत्रीही भुंकली नाहीत.
एकोने रेडिओ समुद्रात भिरकावला,
आणि गुरुवारी तोच त्याच्या जाळ्यात आला,
पोटात दोन शिंपले घेऊन.
अजून त्याच्या दारात टांगलाय.
कोंबडी त्यात अंडी घालते.

"चाललंय बोलणं," फीफी हळूच म्हणाला,
"रेषेवर हाताने अडवला तर थेट गोलच द्यायचा.
पेनल्टी वगैरे भानगड नाही."

अराबाने मान हलवली,
उधारीच्या वहीत जुनी रक्कम सापडावी तशी.
"कधीपासून धरायचं?"
"पुढच्या स्पर्धेपासून."
"आणि मागचं?"
"मागचं धरत नाहीत."
"का?"

फीफी केप कोस्टला दोन वर्षं कायदा शिकून आलाय,
परीक्षा राहिली ती राहिलीच.
त्याने 'पूर्वलक्षी प्रभाव' असा एक शब्द काढला.
जाळ्यात आलेल्या खेकड्यासारखा आम्ही तो
पाठीकडून, पोटाकडून उलटवून पाहिला
आणि टाकून दिला.

एग्या आमोआंनी गाठ मारली, दोरा तोडला.
"पोरी, भोक पडल्यावरच विणतात.
निसटलेला मासा आता तिकडे
नातवंडं खेळवत असेल."

"मला मासा नकोय," अराबा म्हणाली.
"मला गोल पाहिजे."

यावर कुणाकडे काही नव्हतं.
खाली ओल्या वाळूत पोरं खेळत होती,
दोन वल्ही रोवून केलेला गोल, दांडा नाही, नेट नाही.
कुणीतरी किंचाळलं, "हात! हात!"
आणि मांडीवरची जाळी तशीच लोंबत ठेवून
आम्ही सगळे ताडकन उभे.

चेंडू लाटेवर निघाला होता.
पोरं काठावर थबकली, आमच्याकडे बघू लागली.
मंगळवार. होडी लोटायची नाही.
इबो म्हणाला, येईल भरतीबरोबर.
जोसाया म्हणाला, नाही यायचा.

अराबा कमरेपर्यंत पाण्यात शिरली,
दोन्ही हातांनी चेंडू उचलला,
आणि लगेच परत दिला नाही.