तीन सूत

चाक गोल नसतं.
बत्तीस कोन देते मी त्याला.
जास्त दिले तर संगणक दमतो,
कमी दिले तर गाडी लंगडते.
लांबून कुणाला कळत नाही.

दिवसा एमएस-सीआयटीच्या पोरांना
समासाची रुंदी शिकवते.
रात्री शटर अर्धं ओढून
पूर्णा-हिंगोली छोट्या लाईनची गाडी बांधते.
ती लाईन उखडली तेव्हा मी सातवीत होते.
दोनदाच बसले तिच्यात,
दोन्ही वेळा झोपले.

फोटो मिळाले तीन.
एकात इंजिनापुढे नवरदेव उभा,
नेमकं कपलिंग झाकून.
म्हणून गाव वापरते.
गंज घेतला पाण्याच्या जुन्या टाकीचा,
सीटचा हिरवा रेक्झिन सलूनमधल्या बाकाचा,
फाटक्या कोपऱ्यासकट.
डब्यातली फळी म्हणजे मालनमावशीच्या खानावळीतलं टेबल.
त्यावरचा आमटीचा डाग पुसण्यात अर्धी रात्र गेली.
मग वाटलं, गाडीत कुणाची आमटी सांडत नव्हती होय?
परत आणला.

पण गाडी रुळांवर बसेना.
बसमतच्या पुढं अख्खं इंजिन जमिनीत शिरायचं
आणि खालून शांतपणे चालत राहायचं,
वर नुसता धूर, ज्वारीच्या पिकातून.

दस्तगीर फिटर आले होते
पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला.
अंगठा लागेना.
शेडमधल्या तीस वर्षांनी रेषाच घासून नेलेल्या.
ओला करून, पुसून, दुसरा लावून
यंत्र म्हणतंय, पुन्हा प्रयत्न करा.
तेवढ्यात त्यांना माझी स्क्रीन दिसली.
"हे काय करायलीस गं?"
सांगितलं.
"चाकातलं अंतर किती घातलंस?"
एक मीटर.
"कुठून कुठं?"
रुळाच्या मधापासून मधापर्यंत.
त्यांनी कपाळावर हात मारला.
"आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, पोरी.
तीन फूट, तीन इंच, तीन सूत.
सूत सोडलंस तर माणसं मरत्यात."

इथं कोण मरणार, मी म्हणाले नाही.
आकडे बदलले. इंजिन जमिनीतून वर आलं,
पाण्यातून म्हैस येते तसं,
आणि रुळांवर बसलं.

मग त्यांनी खुर्ची ओढली. "आवाज लाव."
लावला. थोडा वेळ ऐकला.
"हे तर बोअरच्या गाडीचं कॉम्प्रेसर हाय."
होतं. आमच्याच गल्लीतलं,
गेल्या उन्हाळ्यात सहाशे फुटांवर कोरडं गेलं तेव्हाचं.
"फोन दे इकडं."
पंखा बंद करायला लावला.
डोळे मिटले, कवळी काढून खिशात घातली,
आणि घशातून, छातीतून, कुठून कोण जाणे,
उभ्या इंजिनाची घरघर काढली.
आधी थंड इंजिन. मग पहिला नॉच. दुसरा.
चोंडीच्या अलीकडचा चढ.
टेबलावरचा चहाचा कप थरथरत होता,
खोटं सांगत नाही.
मधेच खोकला आला. थांबले नाहीत.

दाखला शेवटी डोळ्यांवरून निघाला.

आवाज मी जोडून गोल केला.
खोकला कापायचा राहिला, असं म्हणू.
दर चाळीस सेकंदांनी
स्टेशनात उभं इंजिन एकदा खोकतं.

पुढच्या आठवड्यात आले, नातवाला घेऊन.
त्याला गाडी चालवायला दिली,
स्वतः मागं उभे, कान देऊन.
"ऐकलंस का?" मला म्हणाले.
"इंजेक्टर घाण झालाय हिचा.
साफ करून घे, नाहीतर बोल्ड्याला बंद पडंल."
करते, म्हणाले.

सध्या तिसऱ्या डब्याच्या खिडकीवर काम चालू आहे.
पाच गज. त्यातला एक
थोडा वाकवायचाय.