थांबलेलं पाणी

आगीसाठी राखून ठेवलेलं पाणी.
नऊ वर्षं आग लागली नाही.
चांगलंच की. पण पाणी नळीत उभंच राहिलं
आणि उभ्या पाण्यात कोणीतरी राहायला येतंच.

सोहारच्या बंदरात, सात नंबर टाकीच्या मागे,
खलफान मकबालीने फ्लँज सैल केली.
सडक्या अंड्यांचा वास. छातीवरचा मीटर किंचाळला.
वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकून उभे राहिलो दोघं.
मग आतून ओघळलं काजळासारखं काळं,
बोटांना बुळबुळीत.
पुसलं तर खाली पोलादात खड्डा:
तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं,
आत घागर.

नकाशात ह्या नळीला डेड लेग म्हणतात.
पुढे कधी पंप वाढवू म्हणून सोडलेलं तोंड.
पंप आला नाही. सोडणारा साहेबही गेला
पेन्शन घेऊन आपल्या देशात.

लॅबमध्ये सहा बाटल्या ओळीने.
पहिलीतलं थोडं दुसरीत, दुसरीतलं तिसरीत.
अठ्ठावीस दिवस वाट बघायची असते.
पाचव्याच दिवशी चौथी काळी झाली.
फार काही मागत नाहीत बिचारे:
हवा नको, उजेड नको,
समुद्राचं थोडं खारं पाणी
आणि कोणी हलवायला येऊ नये.

घरी फ्रिजच्या दारात विरजणाची वाटी.
अकरा वर्षांपूर्वी चिपळूणहून
रुमालावर वाळवून आणलेलं.
ऑगस्टात गॅलरीत ठेवलं तर तीन तासांत दही.
दिवसा मारायचे, रात्री जपायचे.
हात तेच. साबण वेगळा.

दर मंगळवारी पाणी सोडून दिलं, नळी धुतली, औषध घातलं.
पुढच्या खेपेला दुसरं औषध;
तेच तेच दिलं की सरावतात.
तरी आडोशाला धार पोचेना. चिकटा जागचा हलेना.
मी रिपोर्टात लिहिलं: हा तुकडा कापून टाका.
वरून विचारणा: अजून गळत तर नाही ना?
उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं:
गळेल तेव्हा आग लागलेली असेल.

ईदच्या आदल्या आठवड्यात परवाना आला.
खलफानने कापलेला तुकडा उन्हात ठेवला,
वाकून आत बघत राहिला.
"जिवंत आहेत अजून?"
"वाळले की मरतात," मी म्हटलं.
आणि हातमोजे काढता काढता:
"बहुतेक."