काच खरवडायची पट्टी

नोव्हेंबर ते एप्रिल मी रस्ते उपसतो.
पहाटे तीनला ट्रक काढायचा, पुढे लोखंडी फाळ,
खाणीच्या जुन्या वसाहतीपासून थेट सरोवरापर्यंत
बर्फ कडेला लोटत जायचं
आणि परतताना बघावं
तर आपणच साफ केलेला रस्ता पुन्हा पांढरा.
पोरं कशी वाढवावीत, असं मला कुणी विचारलं असतं
तर मी एवढंच सांगितलं असतं.

कुणी विचारलं नाही.

काइसाला सोळावं लागलं तेव्हा
तिला चर्चमागच्या गोठलेल्या मैदानात नेलं.
म्हटलं, घे वेग. आता दाब ब्रेक.
गाडी भोवऱ्यासारखी गरगरली, ती किंचाळली.
"घसरतेय त्याच अंगाला चाक वळव," मी म्हणालो,
"उलटं नको. उलटं सगळेच वळवतात."
त्या वर्षी ती माझ्याशी बोलली ती गाडीतच,
तेही समोर बघून.
घरात तिच्या खोलीचं दार कायम लावलेलं,
दाराखालून उजेडाची एक रेघ.
कामावर निघताना ती मी ओलांडायचो
उंबरा ओलांडावा तशी, पाय न लावता.

जूनमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत एकेचाळीस खुर्च्या.
निळे झगे, चौकोनी टोप्या,
आणि बास्केटबॉलच्या जाळीला कुणीतरी बांधलेला फुगा.
मुख्याध्यापकांनी आमचं आडनाव चुकवलं,
चार पिढ्या इथे राहून अजून चुकतंच.
मर्नाने माझा गुडघा घट्ट धरला होता,
रडत नव्हती. नुसता धरला होता.

"टूसॉनला बर्फ पडतो का गं?" मी विचारलं.
"नाही ना. म्हणून तर."

ते 'म्हणून तर' मी तीन दिवस चालवत नेलं,
विस्कॉन्सिन, आयोवा, कॅन्सस,
मागे तिच्या उशा आरसाभर पसरलेल्या,
मागचं काही दिसेना.

वसतिगृहात तिच्या जोडीदारणीची आई
टेप घेऊन गादी मोजत होती.
मर्ना चादरी लावत होती.
मला काही कामच नव्हतं,
म्हणून खिडकीची कडी मी पाचदा उघडून मिटली.
"ठीक आहे ती, डॅड."
"हो, ठीकच आहे."

बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराने बोटं भाजावीत.
तिने एका हाताने मिठी मारली, दुसऱ्यात फोन होता.
तरी मारली.
मी काय सांगणार होतो?
माझ्याकडे जे काही शहाणपण आहे
ते शून्याच्या खालीच चालतं.

घरी आता तिचं दार उघडंच असतं.
उजेडाची रेघ नाही.
तरी तिथे आलो की माझा पाय उचलला जातो.
मर्नाने एकदा पाहिलं,
काही बोलली नाही, कॉफी ओतली.

ऑक्टोबरच्या बावीस तारखेला पहिलं दव गोठलं.
काचेवर जाड साय धरावी तसा थर,
आणि पट्टी जागेवर नाही.
सीटखाली हात घालून शोधली, उगाच.
खोकं धुंडाळलं तर हाताला लागलं
काइसाचं नववीचं ओळखपत्र,
दातांना तारा, एक डोळा अर्धा मिटलेला,
मुदत कधीच संपलेली.
प्लॅस्टिक मात्र टणक.
त्याच्याच कडेने मी काच खरवडली,
आधी माझ्या बाजूची,
मग शेजारच्या सीटसमोरची,
जिथे कुणी बसणार नव्हतं.

संध्याकाळी तिचा फोन.
"डॅड, कपाटाच्या तळाशी
आपली बर्फाची पट्टी सापडली.
इथे कशी आली ही?"

मी म्हणालो, "काय माहीत."

ती हसली. मग बराच वेळ
दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.
तिच्याकडे कुठेतरी पंखा फिरत होता,
माझ्याकडे ट्रक तापत होता.
"ठेवू का तुझ्याकडे पाठवून?" तिने विचारलं.
"नको," मी म्हणालो.
"असू दे. जागा किती लागते."