दुसरीचा वर्ग, बुरोंडी

बेरजेच्या तासाला खिडकीच्या काचेवर आदळून
खंड्या पडला.
हजेरीच्या वहीवर उचलून आणला तेव्हा
चोच अजून ओली होती.
पुस्तकात यासाठी पाठ नाही.
मी बार्शीची. मला वाटलं, मुलं रडतील.

रडतात कसली.
"कल्ले बघा बाई, म्हणजे कळेल ताजा आहे का,"
फैजान म्हणाला, आणि वर्ग खदखदला.
यांच्या आया पहाटे बंदरावर
मेलेल्यांचा भाव करतात.
बांगडा, सौंदाळा, मांदेली;
डोळा आत गेला की दहा रुपये कमी.
मरण यांच्या घरी टोपलीतून येतं,
मीठ लावून अंगणात वाळत पडतं,
मांजरापासून राखायला
यांनाच बसवतात.

तरी विचारलं, कोण कोण मरतं?
हात वर झाले.
मासे. कावळा. कोंबडी, पण तिला मारतात.
शेजारचे भिकूनाना.
"माझे पप्पा," त्रिशा पावसे म्हणाली,
हात वर न करता.
सगळ्यांना माहीत होतं.
होडी तेवढी सापडली होती.

अजून?
फळ्यावर जागा होती,
पण स्वतःचं नाव कुणी घेईना.

"तुम्ही पण, बाई?"
हो.
"आणि आम्ही?"
खिडकीतून समुद्र दिसत होता,
तो काही मदतीला आला नाही.
हो, म्हटलं. सगळे. पण खूप खूप उशिरा.
त्रिशाकडे न बघता म्हटलं.
उशिराचं वचन माझ्या हातात नव्हतं,
तरी देऊन टाकलं.

खंड्याला सुरूच्या झाडाखाली पुरला.
कुणी भोवती शिंपले मांडले.
फैजानने डब्यातला सुका बोंबील ठेवला,
वाटेत भूक लागली तर.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या बाटलीवरून
जुंपली, रोजच्यासारखी.
ओजसने फैजानची कॉलर धरली,
दुसरी मूठ वर, कोपर मागे ताणलेलं.
मी धावले, पण लांब होते.
मूठ हवेत थांबली.
"बाई, हा पण मरणार ना?"
रागातच विचारलं त्याने,
मी काहीतरी फसवलंय अशा आवाजात.
हो रे.
फैजान डोळे गच्च मिटून उभा.
"मग जाऊ दे."

मूठ त्याने तशीच चड्डीच्या खिशात घातली.
वजाबाकीला डाव्या हाताने पान उलटलं.
चार वाजता घंटा झाली तेव्हाही
ती खिशातच होती,
अजून न उघडलेली.