पिवळी पिशवी, नग एक

निलंग्याच्या दवाखान्यात भिंतीवर तक्ता आहे,
दुपारचं ऊन थेट त्याच्यावर येतं.
चार वर्षांत लाल गुलाबी झाला, निळा राखाडी,
पिवळा तर कागदातच विरला.
तरी सोजरमावशी चुकत नाही.
रक्ताचा बोळा, वार, मुदत संपलेल्या गोळ्या: पिवळी.
सलाईनची नळी, हातमोजे: लाल.
सुई पांढऱ्या डब्यात, औषधाची काच निळ्यात.
लातूरहून आलेल्या साहेबांनी अडवायला विचारलं,
"आणि गजरा?"
"बाळंतिणीचा का नर्सबाईचा, ते सांगा आधी."
साहेब हसले नाहीत. मी हसलो, वहीत तोंड घालून.

वही माझ्याकडं असते.
रंग, नग, वजन, वेळ.
अठ्ठेचाळीस तासांच्या वर काही ठेवायचं नाही.
मैनोद्दीनची गाडी येते,
तो बारकोडला मशीन दाखवतो, सही करतो,
न पेटवलेली बिडी ओठात धरून जातो.

मंगळवारी केवळाबाई आली,
कडबाकुट्टीत हात गेलेला.
अंगठा पोरानं सोबत आणला होता,
स्टीलच्या डब्यात,
वर दोन पेप्सीच्या नळ्या, नारंगी, वितळलेल्या.
"गार ठिवा म्हनलं कुनीतरी."
डॉक्टरांनी डबा उघडला, झाकला,
मान हलवली.

मला व्याख्या पाठ आहे:
निदान, उपचार, लसीकरण करताना
निर्माण झालेला, तो कचरा.
हा तर गोठ्यात निर्माण झाला.
बावीस किलोमीटर मोटारसायकलवर, पोराच्या मांडीवर,
फाटकापर्यंत तो अंगठाच होता.
घरी राहिला असता
तर नियमानं त्याला ओळखही दिली नसती.
मग झाला कधी?
मी डॉक्टरांच्या मानेकडं बघत राहिलो.

टाके घालण्याआधी संमतीपत्र.
छापलेलंच आहे: पुरुषाचा डावा, स्त्रीचा उजवा.
मी शाईचा पॅड उघडून उभा.
केवळाबाईनं बँडेजच्या गाठोड्याकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
मग डब्याकडं.
"त्येचाच उठवा की," म्हणाली,
"राशनला त्योच चालतो."

मी डावा घेतला.
बाजूला लिहिलं: उजवा नसल्याने.
होता खरं तर. चार हातांवर होता.

संध्याकाळी काट्यावर ठेवला.
शून्य.
आमचा काटा पन्नास ग्रॅमच्या खाली बोलत नाही.
"बोळ्यांसंगट टाका की," मावशी म्हणाली,
मग माझं तोंड बघून
तिनंच वेगळी पिशवी आणली, गाठ मारली,
नेहमीपेक्षा सैल.

पोरगा परत आला.
"आई म्हनती, बांधाला पुरायचा हाय."
देता येत नाही, म्हटलं.
"मग काय करायलाव त्याचं?"
जाळतात. मोठी भट्टी असते.
"अन् राख?"
राखेचं मला ठाऊक नव्हतं.
आमच्या तक्त्यात राखेला रंग नाही.
तो तसाच उभा. मला वाटलं आता रडेल,
तर म्हणाला, "डबा तरी द्या. बहिणीच्या शाळेचा हाय."
मावशीनं तो तीनदा घासला,
उकळत्या पाण्यातून काढला, पदरानं पुसला,
नि झाकण लागतंय का
ते दोनदा लावून बघितलं.

गुरुवारी, सेहेचाळिसाव्या तासाला
मैनोद्दीननं पिशवी उचलली, थोडी हलवली.
"खाली है क्या जी?"
नग एक, मी म्हणालो.
त्यानं बिडी ओठातून काढून खिशात ठेवली.
सही केली.

वजनाच्या रकान्यात
मी अजून काही लिहिलेलं नाही.