खापराचं माप

डेन्मार्कची चूल
चोपड्याच्या अलीकडे टेम्पोतून उतरवली.
निम्मा धूर, निम्मं सरपण,
कागदावर सही माझी.

सुपडाबाईनं आधी खापर आणलं,
पालथं घालून पाहिलं.
डुगडुगलं.
"येन्हावर मांडा कसा व्हई, भाऊ?"
मी पुस्तिका चाळली.
खापर त्यात नव्हतं.

आखाजीला गेलो, तर
चुलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली,
आणि शेजारी दुसरी चूल,
चिकणमाती, बाजरीचं भूस,
तोंड खापराएवढं.
धुराडं मात्र आमचंच,
उपटून बसवलेलं.

मी टेप काढला.
"ऱ्हाऊ दे. दोन वीत, चार बोटं."
मांडा तिच्या कोपरापर्यंत पसरत गेला,
डोळे कोरडे.

अहवालात एकच रकाना:
चूल वापरात आहे / नाही.
कोंबडीनं मान वळवून
माझ्याकडे पाहिलं.