बेस थोडा जास्त झालाय

सन्मती,
फाइल मिळाली.
रात्री पावणेबाराला उद्यमनगरच्या शेडमध्ये
शटर अर्धं ओढून, हाताचं ग्रीस चिंधीला पुसून
ऐकाय बसलो.
मोबाइलवर नको म्हणाली होतीस,
म्हणून गणपतीत भाड्यानं जाणारे दोन डबे
जनगोंडाच्या पोराकडून उचलून आणले.

पहिलं गाणं लागलं आणि मी उठलोच.
वाटलं, लेथ चालू राहिला.
कुठला लेथ?
अण्णांचा लेथ किलोवर भंगारात गेला त्याला तीन वर्षं झाली,
त्या दिवशी तू फोन उचलला नव्हतास.
मग हा आवाज कधी घेतलास?
खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार घालताना
तू मोबाइल धरून उभी होतीस,
मला वाटलं, फोटो काढतीस.

मागच्या गिअरचा एक दात तुटका,
चालता चालता एक ठोका खायचा.
अण्णांनी जन्मभर त्याला शिव्या दिल्या.
तू त्या खाल्लेल्या ठोक्यावर
अख्खं गाणं उभं केलंस.
त्या मोकळ्या जागेत
नाचणारी पोरं पाय कुठं ठेवतील गं?

तिसऱ्यात बारीक काहीतरी सळसळतं.
लोक म्हणतील, कॉम्प्युटरनं केलंय.
हुपरीहून पिशवीत यायची घुंगरं,
आई परातीत ओतायची,
कडीत कडी, कडीत कडी,
हजाराला बारा रुपये.
कुणाकुणाच्या पायात वाजली असतील!
आपल्या घरात ती फक्त मोजली जायची.

पाचवं मला कळलं नाही, खरं सांगतो.
रंकाळ्यात माईक सोडलास म्हणे, पार तळापर्यंत.
मला ते पोट बिघडल्यासारखं वाटलं.
रागवू नको.

आणि सहावं.

आधी नुसती खरखर.
मग आई.
'सन्मती, कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांनी गॅस बंद कर,
मी आलो.'

मुंबईच्या तुझ्या साउंडवाल्यानं विचारलं म्हणे,
बाई आहेत ना, मग 'आलो' कसं?
एका अक्षराचं काम, आता मशीन करतं,
'लो'चा 'ले', कुणाला कळणार पण नाही.
तू काय म्हणालीस त्याला, ते नाही सांगितलंस.

आठवतंय,
पुण्याच्या हॉस्टेलवरून पहिल्या दिवाळीला
'आले, जेवले, झोपले' बोलत घरी आलीस.
आई हसली.
आणि तुला ठेवणीतल्या ताटात वाढलं,
पाहुण्याला वाढतात तसं.

ह्या गाण्यात तू तेवढाच तुकडा फिरवत राहतेस.
मी आलो. मी आलो.
खाली नेतेस, जाड करतेस,
अण्णांचा आवाज होईपर्यंत,
मग इतका बारीक
की शिट्टी फुटायच्या आधीची नुसती वाफ.
आणि त्याच्यावर, उशिरा, तुझा स्वतःचा आवाज.
काही चढवलेलं नाही, घसा बसल्यासारखा:
मी आलो.

शटरवर थाप पडली.
फाउंड्रीतली दुसरी पाळी सुटली होती,
वाकून कुणीतरी विचारलं,
'भावा, कुणाचं गाणं?'
मी म्हणालो, घरचंच हाय.
'नाद खुळा! पुन्हा लाव की.'
दोन माणसं डबा-पिशवी घेऊन
उंबऱ्यावर टेकली.
पुन्हा लावलं.
ती दोघं मान हलवत होती,
मी कुकर ऐकत होतो.

तुला काय लिहू?
तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं.
शेवटी पाठवलं ते एवढंच:
भारी झालंय.
बेस थोडा जास्त झालाय.
दसऱ्याला ये.

निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
डबे सकाळी सहाच्या आत परत द्यायचे आहेत.
सातव्या गाण्याला
अजून हात लावलेला नाही.